ड्रमरचं लग्न ठरलंय, आता चौघींच्या बँडचं काय?

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी जॅमरूम उघडायच्या आधी परत एकदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुम्ही चौघी, वय २३-२४, डोंबिवली, ठाणे, भांडुप आणि विरार अशा चार टोकांना राहता, कॉलेजपासून तीन वर्षं रॉक बँड चालवताय, स्वतःची पाच गाणी आहेत आणि त्यातली तीन मराठी. ड्रमरचं लग्न ठरलंय, डिसेंबरमध्ये, सासर नाशिकला. दुसरी मुलगी ड्रमर मिळत नाही म्हणतेस, आणि विचारतेयस की आता मुलगा ड्रमर घ्यावा, की ड्रमचा आधीच रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावून वाजवावं, की इथेच थांबावं. त्यात एक मॅनेजर मागे लागलाय, २५ टक्के मागतोय आणि म्हणतोय 'गर्ल बँड' म्हणून पॅकेज करू, चौघींना मॅचिंग कपडे वगैरे. आणि सगळ्यात शेवटी तू एक ओळ लिहिलीयस की मुलींचे बँड टिकतच नाहीत असं सगळे म्हणतात, ते खरंय का.

मी बेस गिटार वाजवते, १९९८ पासून. आमचा पाच जणींचा बँड सहा वर्षं चालला, नंतर मी बरीच वर्षं लाइव्ह साउंड केलं, आता दादरला छोटी जॅमरूम आहे आणि तिथे मुलींचे, मुलांचे, मिक्स असे सगळे बँड सरावाला येतात. तुला 'तू' म्हणतेय, कारण माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

आता मुद्द्यावर येते. तू अख्खा प्रश्न लिहिलास, पण त्यात एक गोष्ट कुठेच नाही, ती म्हणजे ड्रमर स्वतः काय म्हणतेय. लग्न ठरलं, सासर नाशिक, म्हणजे ती गेली, हे कोणी ठरवलं? तिने सांगितलं का तुम्ही तिघींनी धरून चाललात? मला वाटतं तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. तीन वर्षं एकत्र वाजवून सुद्धा एक जण हलली तर काय करायचं हे तुमच्यात कधी बोललं गेलेलं नाही, आणि ड्रमरच्या जागी उद्या तुझं स्वतःचं लग्न ठरलं किंवा भांडुपवालीला बंगलोरला नोकरी लागली तरी तुम्ही याच जागी येऊन उभ्या राहणार.

हे मी इतक्या खात्रीने म्हणतेय कारण आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. २००२ मध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं, सासर पुण्याला. आम्ही चौघी लग्नाला गेलो, पंगतीत बसलो, ग्रुप फोटो काढला, आणि पुढच्या रविवारी तिच्याशिवाय प्रॅक्टिस सुरू केली. तिनेही काही म्हटलं नाही. आम्हाला वाटलं तिलाच आता नको असेल, संसार सुरू झालाय, उगाच कशाला गळ घाला. बारा वर्षांनी ती मला धोबी तलावला फुर्ताडोजमध्ये भेटली, मी तारा घ्यायला गेले होते आणि ती मुलीसाठी कीबोर्ड बघत होती. उभ्या उभ्याच म्हणाली, 'महिन्यातून एकदा आले असते गं, तुम्ही कोणी विचारलंच नाही.' मी तारांचं पाकीट हातात धरून तशीच उभी राहिले, काय बोलायचं सुचेना. ती गेल्यावर आमचा आवाज पोकळ झाला होता, वर्षभरात गिटारिस्टने सोडलं, आणि २००४ मध्ये बँड संपला. लोकांना आम्ही सांगायचो की लग्नं झाली म्हणून बंद पडला. खरं कारण इतकंच की आम्ही एकमेकींना विचारलं नाही.

टिकतात का, या प्रश्नाचं उत्तर मी तुला खऱ्या बँडच्या उदाहरणाने देते. जपानमध्ये ओसाकाला शोनेन नाइफ नावाचा बँड आहे, १९८१ मध्ये सुरू झाला आणि अजून चालू आहे. नाओको यामानो पहिल्यापासून गिटार वाजवते आणि गाते, तिची बहीण आत्सुको ड्रमवर. १९९९ मध्ये बेसिस्टने सोडलं तेव्हा बहिणीने ड्रम सोडून बेस घेतला. २००६ मध्ये ती लग्न होऊन अमेरिकेत राहायला गेली तेव्हा दुसऱ्या मुली आल्या, पण बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर यायचा तेव्हा तिथे ती येऊन बेस वाजवायची, आणि पुढे काही वर्षांनी पुन्हा पूर्णपणे बँडमध्ये आली. ओसाका ते लॉस एंजेलिसच्या मानाने नाशिक ते डोंबिवली किती लांब आहे सांग. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी इकडे येऊन संध्याकाळी परत जाणारी पासवाली माणसं रोजची आहेत.

इंग्लंडमधला गर्लस्कूल बघ, १९७८ चा बँड, हेवी मेटल, मोटरहेड या बँडबरोबर १९८१ मध्ये काढलेली त्यांची रेकॉर्ड तिथल्या खपाच्या यादीत पाचव्या नंबरपर्यंत गेली. लीड गिटारिस्ट केली जॉन्सन १९८४ मध्ये सोडून गेली, नंतर पुन्हा आली, २००७ मध्ये ती वारली, मधे किती जणी आल्या आणि गेल्या, पण किम मॅकऑलिफने धरून ठेवलं आणि बँड चालू राहिला. आणि गो-गोज, लॉस एंजेलिसचा बँड. १९८० च्या शेवटी शेवटी त्यांची बेसिस्ट आजारी पडली आणि शो तर तोंडावर, तेव्हा कॅथी व्हॅलेंटाइनला विचारलं, ती मुळात गिटारिस्ट, तिने बेस हातात घेतला आणि काही दिवसांत अख्खा सेट बसवला. दीड वर्षाच्या आत, १९८२ मध्ये, त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या नंबरावर होता. स्वतः लिहिलेली आणि स्वतः वाजवलेली गाणी घेऊन तिथे पोचलेला मुलींचा तो पहिला बँड.

म्हणजे मुलींचे बँड टिकतात, आणि जे टिकले त्यांच्यात माणसं बदललीच. फरक इतकाच की कोणी गेलं तर काय, कोणी परत आली तर काय, याला त्यांच्याकडे जागा होती, आणि एक-दोघी अशा होत्या ज्यांनी काहीही झालं तरी हातातलं सोडलं नाही. तुमच्यात ती तू दिसतेयस, कारण रात्री दीड वाजता एवढा मोठा प्रश्न तू लिहिलायस.

आता मुंबईचं बोलू, कारण इथल्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्या तुला माहीतच असतील पण कोणी उघड बोलत नाही. मी नव्वदच्या दशकात रंगभवनच्या खुल्या रंगमंचावर आय-रॉक हा रॉक फेस्टिवल बघायला जायचे तेव्हा स्टेजवर बाई म्हणजे गायिका, वाद्य घेऊन उभी असलेली बघायला मिळणं म्हणजे अप्रूप. रंगभवन पुढे शांतता क्षेत्रात आलं आणि तिथले कॉन्सर्ट गेले, आता पब आहेत, कॉलेज फेस्ट आहेत, मुली पण खूप वाजवतात. पण बोलावणाऱ्यांचं डोकं तितकं बदललेलं नाही. मुलींच्या बँडला पहिली संधी पटकन मिळते, मुलांच्या बँडपेक्षा पटकन, कारण पोस्टरवर छान दिसतं. आणि मग तिथेच अडकायला होतं. आमचे एका वर्षी नऊ शो झाले, त्यातले सहा महिला दिनाच्या, ८ मार्चच्या आसपास. उरलेले नवरात्रात. जून ते सप्टेंबर फोन वाजायचाच नाही. तेव्हा आम्हाला वाटायचं आपलं चाललंय की छान, नऊ शो झाले, पण कोणीही आमच्या गाण्यासाठी आम्हाला बोलावत नव्हतं, त्यांना कार्यक्रमात 'महिला' हवं होतं आणि आम्ही त्या जागी बसत होतो. तुमचे तीन वर्षांचे शो एका कागदावर मांड, तारखांसकट. ८ मार्चचा आठवडा आणि नवरात्र सोडून किती उरतात ते बघ. तो आकडा दरवर्षी वाढत असेल तर तुम्ही चढताय, नसेल तर मॅचिंग कपड्यांनी तो वाढणार नाही. ८ मार्चला वाजवू नका असं मी म्हणत नाही, जरूर वाजवा, पण त्या दिवशी आयोजकाला तिथल्या तिथे सांगा की जुलैमध्ये काय आहे तुमच्याकडे.

दुसरं म्हणजे साउंड. उपनगरातल्या एका कॉलेजच्या फेस्टला आम्ही साउंडचेकला उभ्या, माझ्या गळ्यात बेस, हातात केबल, आणि साउंडवाला मला विचारतो, 'ताई, वाजवणारे कधी येणार?' त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याने कधी बघितलंच नव्हतं. पण मग होतं काय की तो तुमचं ऐकून घेत नाही, मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवरच्या स्पीकरमध्ये, गायिकेला स्वतःचा आवाज येत नाही, ती ओरडते, दुसऱ्या गाण्यात घसा जातो, आणि खाली उभी असलेली माणसं म्हणतात मुलींचा बँड ना, लाइव्हला वीक आहे. हे मी साउंडच्या बाजूने पण शंभर वेळा बघितलंय. याला दोन उपाय. एक म्हणजे स्टेजवर कोण कुठे आणि कोणत्या चॅनेलला काय, याचा एक साधा कागद छापून न्यायचा आणि जाताक्षणी त्याच्या हातात द्यायचा, आणि बोलणारी एकच. 'बेस डीआयवर घे, व्होकलला १०० हर्ट्झच्या खाली कट मार, आणि तिच्या मॉनिटरमध्ये गिटार नको, फक्त आवाज आणि किक' असं म्हटलं की समोरच्याचा सूर बदलतो. दुसरं, तुम्ही कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवता ती कुठल्या पट्टीत? बरीच रॉकची गाणी पुरुषांच्या आवाजाला आणि गिटारच्या मोकळ्या तारांना सोयीची म्हणून ई किंवा ए मध्ये असतात, मुलगी तीच पट्टी गाते तेव्हा एक तर ती खाली पुटपुटते नाहीतर एकदम वरच्या सप्तकात किंचाळते. पट्टी बदला, तीन-चार स्वर वर-खाली करून बघा जिथे तिचा आवाज छातीतून येतो, गिटारिस्टला बोटं नव्याने बसवावी लागतील तर बसवू दे. तुमच्या मराठी गाण्यांना हा त्रास नाही कारण ती तुम्ही तिच्याच आवाजावर बांधलीयत, म्हणून तुझ्या पाचातली ती तीन गाणी सेटमध्ये पुढे आणा.

आणि तिसरं, घर. बँड चौघींचा असतो पण प्रॅक्टिस चार घरांना विचारून होते, हे मुलांच्या बँडला कळतच नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये श्रीनगरला शाळेत जाणाऱ्या तीन मुलींचा प्रगाश नावाचा बँड स्पर्धेत वाजवून गाजला, आणि दोन महिन्यांत, धमक्या आणि मग तिथल्या मुफ्तींनी विरोधात काढलेला फतवा, यामुळे त्यांनी थांबवला. ते वाचून मला तेव्हा फार लागलं होतं. आपल्याकडे असं कोणी काही काढत नाही. आपल्याकडे रविवारची प्रॅक्टिस पाहुणे आले म्हणून जाते, गुरुवारची आईची तब्येत म्हणून, आणि सहा महिन्यांनी कळतं की आपण महिन्यातून एकदाच भेटतोय. यावर मी शोधलेला उपाय वेळेचा आहे. रविवारी सकाळी नऊ ते बारा ठेवा, जॅमरूम तेव्हा रिकाम्या असतात आणि बऱ्याच ठिकाणी स्वस्त पण मिळतात, दुपारच्या जेवणाला सगळ्या घरी. शो घेताना बघा की उघड्यावरचे लाउडस्पीकर एरवी रात्री १० ला बंद करावे लागतात, कायद्यानेच, सूट दिलेले मोजके दिवस सोडून, म्हणजे सोसायटीचा गणपती, मैदानावरचा फेस्ट हे घरच्यांना पटवायला सोपे. आणि दिवाळी पहाट सोडू नका. सकाळी साडेपाचला रॉक कोण ऐकणार असं वाटेल, पण तीन मराठी गाणी आहेत तुमच्याकडे, दोन जुनी भावगीतं तुमच्या पद्धतीने बसवा, गिटारचा आवाज जरा आवरा. तिथे बसलेल्या बायकाच उद्या तुमच्या आयांना सांगतात की तुझी मुलगी काय वाजवते गं. आमच्या ड्रमरच्या घरचा विरोध असाच मावळला होता. ती अंबरनाथहून यायची, लेडीजच्या डब्यात सिंबलची बॅग मांडीवर घेऊन, आणि रोजच्या बायका विचारायच्या पराती आहेत का गं एवढ्या, लग्नाची ऑर्डर का. एकदा तिने बॅग उघडून २० इंची राइड सिंबल दाखवली आणि बोटाने हलकेच टिचकी मारली, अख्खा डबा गप्प झाला. त्या ग्रुपमधल्या तिघी पुढच्या शोला आल्या, एक तर तिच्या आईच्याच ओळखीची निघाली.

आता तुझे तीन पर्याय. मुलगा ड्रमर घ्यावा का, तर हे तुम्हाला काय हवंय त्यावर आहे आणि ते मी बाहेरून ठरवू शकत नाही. फक्त मुलींचा बँड असणं हे तुमच्यासाठी गाण्याइतकंच महत्त्वाचं असेल तर घेऊ नका, नसेल तर बिनधास्त घ्या, यात पाप काही नाही. मी स्वतः काय करेन? शो अंगावर असेल तर सब, म्हणजे बदली ड्रमर, म्हणून मुलगा घेईन, त्या शोपुरते पैसे ठरवून, आणि कायमच्या जागेसाठी मुलगी शोधत राहीन. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. आम्ही दोन शोला एक मुलगा सब घेतला, अतिशय गुणी पोरगा, वेळेवर यायचा, सगळं बसवून यायचा. पण आयोजक लगेच त्याच्याशीच बोलायला लागले. पैशाचं पाकीट त्याच्या हातात. साउंडवाला त्याला विचारणार गाण्यांचा क्रम काय. त्याने बिचाऱ्याने प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट दाखवलं आणि पाकीट न उघडता माझ्या हातात दिलं, पण सगळे तसे नसतात आणि तीन वर्षांचं तुमचं काम तीन आठवड्यांत दुसऱ्याच्या नावावर दिसायला लागतं. म्हणून घेतलात तर पहिल्या दिवशी त्याला सांगा की बाहेरच्यांशी बोलणार ती अमुक एक.

आणि मुलगी ड्रमर मिळत नाही असं जे तू लिहिलंयस, तिथे मला वाद घालायचाय. तुम्ही शोधताय कुठे? इन्स्टावर, ड्रम क्लासमध्ये. डोंबिवली, ठाणे, गिरगाव, कुठल्याही ढोल-ताशा पथकात जाऊन उभी राहा, जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी सरावाला, आणि ताशावाल्या मुली बघ. मनगट तयार, ताल पक्का, तीन-तीन तास न थांबता वाजवायचा दम, आणि गर्दीसमोर वाजवायची भीती गेलेली. तिला येत नाहीत ते पाय. किक आणि हायहॅट हे दोन पाय हातांपासून वेगळे चालवायला शिकायचे, त्याला रोज अर्धा तास मेट्रोनोमवर, ६० च्या लयीपासून सुरुवात, असे सहा ते आठ महिने लागतात. माझ्याकडे अशी एक मुलगी आली होती, पहिल्या महिन्यात रडकुंडीला आली, आठव्या महिन्यात तिने एका बँडबरोबर पूर्ण सेट वाजवला, आणि तिचं स्नेअरवरचं काम असं होतं की क्लासमध्ये शिकलेल्या कोणाचं तसं नसतं, कारण ते ताशातून आलेलं. तुमच्या मराठी गाण्यांना तसा हात मिळाला तर विचार कर.

ट्रॅक लावून वाजवणं मला पटत नाही, निदान रॉकला. लॅपटॉप, इंटरफेस, सगळ्यांच्या कानात लय धरायची क्लिक, एवढं सगळं करून एकदा लॅपटॉप अडकला की स्टेजवर तुम्ही तिघी उघड्या पडता. त्यापेक्षा मधल्या काळात अकूस्टिक सेट करा, कहोन, म्हणजे वर बसून हाताने वाजवायचं लाकडी खोकं, घेऊन, छोट्या कॅफेत, आवाज कमी आणि सामान पण कमी.

मॅनेजरचं मी जरा सविस्तर लिहिते कारण इथे बँड बुडतात. तो माणूस कसा आहे मला माहीत नाही, चांगला असेलही. पण २५ टक्के कशाचे, एकूण रकमेचे का खर्च जाऊन उरलेल्याचे, हे विचारलंस का? समज शोचे ४०,००० ठरले. आयोजकाने टीडीएस १० टक्के म्हणजे ४,००० कापले तर हातात ३६,००० येतात, ते चार हजार रिटर्न भरल्यावर हिशोबात येतात पण आज हातात नाहीत. प्रवास, जॅमरूम, सामानाची गाडी मिळून ८,००० धर. तो एकूण रकमेवर २५ टक्के घेणार म्हणजे १०,०००, उरले १८,०००, चौघींना साडेचार हजार प्रत्येकी. तेच ४०,००० मधून खर्च वजा करून उरलेल्या ३२,००० वर १५ टक्के दिलेत तर त्याचे ४,८००, आणि तुम्हाला ५,८०० प्रत्येकी. आणि जो शो तुम्ही स्वतः आणलाय त्यावर त्याला टक्के कशाला? माझ्या मते १५ ते २० च्या वर जाऊ नका, खर्च जाऊन, एक वर्षाचा करार, आणि त्याने इतके शो आणले नाहीत तर करार संपला असं त्यात लिहून घ्या. बँडचं नाव आणि इन्स्टाचा पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही.

कपड्यांबद्दल, तुम्हाला आवडत असतील तर घाला. त्याने सांगितले म्हणून घालू नका. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसला रनअवेज नावाचा बँड उभा राहिला, पंधरा-सोळा वर्षांच्या मुली, आणि त्यांना कसं दिसायचं, कसं विकायचं हे ठरवणारा त्यांचा मॅनेजर-निर्माता. १९७७ मध्ये जपानचा मोठा दौरा झाला, तिकडे प्रचंड गर्दी, त्याच वर्षी गायिका बाहेर पडली आणि मॅनेजरशीही फारकत झाली, १९७९ मध्ये सगळं संपलं. त्यातल्या जोन जेटला नंतर २३ रेकॉर्ड कंपन्यांनी नाही म्हटलं, तेव्हा तिने स्वतःची कंपनी काढली, गाडीच्या डिकीतून रेकॉर्ड विकल्या, आणि १९८२ मध्ये तिचं गाणं सात आठवडे पहिल्या नंबरावर होतं. तेव्हा तिच्या कामावर तिचा स्वतःचा ताबा होता, मला तरी तिच्या यशात तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि मग तो कागद, जो आमच्याकडे नव्हता. पैसे नसताना लिहायचा, कारण पैसे आले की लिहिताना हात थरथरतो. गो-गोज एवढ्या वर पोचून १९८५ मध्ये फुटला त्यात बाकी कारणं होतीच पण गाणी लिहिणाऱ्यांना मिळणारा पैसा आणि बाकीच्यांना मिळणारा पैसा यातल्या फरकाची खदखद मोठी होती, ते प्रकरण पुढे कोर्टापर्यंत गेलं. म्हणून तुमच्या पाच गाण्यांचं आत्ताच ठरवा, शब्द कोणाचे, चाल कोणाची, आणि ज्या ड्रमरने तिसऱ्या गाण्याचा तो मधला तुकडा बसवला तिचा त्यात वाटा किती, आणि ती नाशिकला गेली तरी तो वाटा तिला मिळणार का. माझं मत, मिळालाच पाहिजे. ज्यांनी शब्द आणि चाल केलीय त्यांनी आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची, मेंबरशिप घ्या, २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क तसा सहज लिहून घेता येत नाही, पण तुमचं नाव कुठे नोंदलेलंच नसेल तर पैसे येणार कुठून. बँडचं नाव ट्रेडमार्कला टाका, मनोरंजनासाठी ४१ नंबरचा वर्ग, व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० आहे, चौघींनी वाटून घेतली तर फार नाही. फक्त तो एकीच्याच नावावर करणार असाल तर नाव चौघींचं आहे हे वेगळं लिहून सही करा. त्याच कागदावर हे पण, कोणी सहा महिने थांबली तर तिची जागा राहते का, सब आली तर तिचे पैसे कोणाच्या वाट्यातून, आणि जॅमरूमचे पैसे न येणारीने द्यायचे का. वकील लागत नाही, एक वहीचं पान, चौघींच्या सह्या आणि तारीख पुरते.

तर क्रम असा लाव. आधी ड्रमरशी बोलणं, मग वहीचं पान, मग सब किंवा नवीन मुलगी, आणि मॅनेजर सगळ्यात शेवटी. त्याला सांग डिसेंबरनंतर बोलू, खरंच रस असेल तर थांबेल.

तिच्याशी बोलताना तिघी एकदम जाऊ नका, तू एकटी जा, घरी नको, बाहेर कुठेतरी चहाला बस, आणि सरळ विचार, तुला वाजवायचंय का, महिन्यातून किती वेळा जमेल, आणि रेकॉर्डिंगला येशील का. ती 'बघू' म्हणाली तर ते नाही समजू नकोस, तिला तारीख दे, जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी प्रॅक्टिस आहे, तुझी जागा ठेवतोय. होणाऱ्या नवऱ्याला एकदा शोला बोलवा, पुढच्या रांगेत बसवा, त्याने तिला वाजवताना बघितलंय का हे तरी माहितीय का तुम्हाला?

आणि तिने खरोखर नाही म्हटलं, तर रागावू नकोस. तिच्याकडून डिसेंबरपर्यंतचे रविवार मागून घे, पाचही गाण्यांचे तिचे भाग मोबाइलवर शूट करून ठेव, पूर्ण लयीत एकदा आणि अर्ध्या लयीत एकदा. हातांचा एक व्हिडिओ वरून आणि पायांचा वेगळा, फोन जमिनीवर किक पेडलच्या बाजूला ठेवून. हात काय करतायत ते नवीन मुलगी कानाने काढेल, पाय बघितल्याशिवाय कळत नाहीत.